शिंपी मास्तरांचं उलथणं

शिंपी मास्तर पहिल्यांदा आमच्या खोलीत आले ते भिंत चाखायला. खरं सांगते. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, छबी झोळीत होती, धुरामुळे दार उघडंच ठेवलेलं, आणि एक उंच माणूस, काळा कोट, खिशांची तोंडं खडूनं पांढरी झालेली, "माय, येऊ का?" म्हणाला आणि मी हो-नाही म्हणायच्या आत वाकून आत आला. कोपऱ्यातल्या भिंतीला नाक लावलं. बोटानं जरासं खरवडलं, आणि ते बोट जिभेवर ठेवून डोळे मिटले. मी पिठाच्या हातानंच छबीला झोळीतून ओढलं आणि पळाले, व्हरांड्यातून थेट घंटेपाशी. आमचे हे तिथं मधल्या सुट्टीची घंटा देत होते. म्हटलं, "अहो, तो माणूस भिंत खातोय!"

ह्यांनी आधी घंटा पुरी दिली. मग म्हणाले, "ते शिंपी मास्तर. ड्रॉइंगचे. ते चाखतात. तू भाकरी बघ."

भाकरी जळालीच असणार म्हणून धावत परत आले, तर ती परातीत नीट उतरवून ठेवलेली, आणि मास्तर रुमालानं एक उलथणं पुसत होते. आमचं नव्हे. त्यांचं. कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे ते, रुमालात गुंडाळून, जसा दुसरा कोणी पेन ठेवतो. "चुना खडकाचा आहे," मला म्हणाले, "आणि भाकरी उडीद घातलेल्या कळण्याची. दोन्ही चांगले." आणि गेले.

मी चौथी शिकलेली आहे. एवढं लांब आजवर माहेरच्या पत्रातसुद्धा लिहिलं नाही. पण मास्तर आता धुळ्यातून गेले, आणि गेल्यापासून रोज काहीतरी आठवतं, ते कुणाला सांगावं तर ह्यांना सगळं माहीत, सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत, म्हणून छबी झोपली की वहीत लिहिते. उठली की थांबते. त्यामुळे मधेच तुटेल, तर तुटू दे.

आमची शाळा मुलींची. शाळा म्हणजे बिल्डिंग शाळेची नव्हे, ती फार जुनी, काळ्या दगडाची, आग्रा रोडपासून आत. आधी ती सराई होती म्हणतात, वाटसरू उतरायचे. मग टपालाचे घोडे बांधायचे तिथं. मग कापसाचं गोडाऊन, मग रेशनचं, आणि मग मुली आल्या. हे शाळेत शिपाई, रखवालीही ह्यांच्याकडेच, म्हणून मागची खोली आम्हांला राहायला. नोकरी आहे तर खोली, आणि खोलीत राहिलं तर नोकरी. लग्न होऊन आले तेव्हा मी अठराची होते आणि मला सगळ्याची भीती वाटायची. घंटेची, पालीची, मोठ्या बाईंची. सगळ्यात जास्त त्या खोलीची. कारण पाण्याला गेले की नळावरच्या बाया म्हणायच्या, अगं त्या खोलीत? मरी आली होती तेव्हा त्या खोलीत माणसं आणून टाकायचे. छबी झाली ती आधीच किरकोळ, सहा महिन्यांची झाली तरी अंग धरेना. मी रात्रंदिवस त्या भिंतींकडे बघायचे आणि तिला छातीशी धरून बसायचे.

मास्तरांना कसलीच भीती नव्हती. घाई तर नव्हतीच. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. हातात धरून चालायचे. पोरी विचारायच्या, सर, बसत का नाही? तर म्हणायचे, "बसलं की पुढचंच बघावं लागतं. आजूबाजूचं कोण बघणार?" मग घेतली कशाला? "चालताना सोबत नको?" शिकवताना अगदी पुस्तकातलं बोलायचे, पण खूश झाले की एकदम अहिराणीवर यायचे. पेपर उशिरा दिला म्हणून मोठ्या बाई रागावल्या की खाली मान घालून ऐकायचे, आणि बाहेर येऊन ह्यांना म्हणायचे, "घाई कोणले शे? भिंतले ते नही." हे त्यांचं नेहमीचं. पोरीसुद्धा शिकल्या होत्या. गणिताच्या तासाला कोणी चटकन उत्तर मागितलं की मागून कोणीतरी हळूच म्हणायची, भिंतले ते नही.

ते उलथण्याचं असं. मास्तरांना जुन्या भिंती खरवडायचा नाद. चुन्याचे थर एकावर एक बसलेले असतात ना, ते एकेक करून उलथण्याच्या पातळ कडेनं सोडवायचे, पापड सुटावा तसे. वरचा थर बोटभर काढायचा, त्याच्या खालचा त्याहून जरा कमी, त्याच्या खालचा आणखी कमी, म्हणजे भिंतीत लहानशा पायऱ्या दिसायच्या. मग कुठली पायरी पिवळी, कुठली निळसर, कुठे धूर लागलेला. त्यांच्या घरच्या बाई एकदा शाळेत हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "आमच्या घरी पोळीला चुन्याची चव असते. दोन उलथणी नेली, तिसरं मी कुलपात ठेवते."

शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी नाच आणि नाटुकलं असायचं. त्या वर्षी मास्तर मोठ्या बाईंना म्हणाले, मला प्रदर्शन करू द्या. बाई म्हणाल्या, चित्रांचं? तर म्हणाले, "चित्रांचं, भिंतींचं, सगळ्याचं. ही बिल्डिंग आधी कोण होती, ते." कोण होती म्हणाले, काय होती नाही. बाईंनी हो म्हटलं. मला वाटतं त्यांना नाचाच्या साड्या गोळा करायचा कंटाळा आला असेल.

मग दोन महिने नुसता गोंधळ. वर्गावर्गात भिंतीला चौकोन पाडले, पाटीएवढे. फरशांच्या फटी पोरींनी हेअरपिनांनी उकरल्या. घोड्याच्या नालाचे खिळे निघाले, पायलीभर. एका वर्गात रेशनच्या साखरेची चिठ्ठी, अर्धी उंदरानं खाल्लेली. आणि आठवीच्या वर्गात सरकी. कापसाच्या दिवसांतली, काळीठिक्कर, दातानं फुटेना. मास्तरांनी त्यातल्या चार एका कुंडीत लावल्या. ह्यांनी सांगितलं, मास्तर, ही कशी उगवेल, आमच्या बापाच्या आधीची असेल. तर म्हणाले, "विचारून तर बघू." रोज पाणी. रोज कुंडीपाशी उकिडवे बसून बघणं.

आठवीच्या पोरींना दया आली की टवाळी सुचली कोण जाणे, त्यांनी मातीत ताजी सरकी खुपसली. आठ दिवसांनी दोन पानं वर! मास्तर व्हरांड्यातून अक्षरशः पळाले, कोट उडतोय, "उगनी! उगनी!" हेडक्लार्कांना ओढून आणलं, मोठ्या बाईंना आणलं, मला म्हणाले, "माय, पोरगी दाखव हिला." आणि छबीला त्या दोन पानांसमोर धरलं. दोन दिवस माणूस जमिनीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोरींची तोंडं बघितली असतील. गेले, माती बाजूला केली, चार जुन्या सरक्या तशाच्या तशा आणि बाजूला पाचव्या, ताज्या सरकीची साल. पोरी वर्गात चिडीचूप, आता छडी खायची म्हणून. मास्तर वर्गात आले आणि टेबलाला धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "कुंडी प्रदर्शनात ठेवायची. खाली लिहा, आठवीच्या मुलींचा खोटारडेपणा, वय अकरा दिवस." आणि खरंच ठेवली. हे मी मुद्दाम सांगते, कारण ह्या माणसाला चुकायची लाज वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि नंतर माझ्या कामाला आलं.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मास्तर आमच्या खोलीत आले. "माय, तुझ्या भिंतीला विचारायचं राहिलं." मी छबीला घेऊन दारात बसले. तीन दुपारी ते चौकोन सोडवत होते, कोपऱ्याजवळ, फरशीपासून वीतभर वर. थर मोजले, आणि परत पहिल्यापासून मोजले. बाकीच्या वर्गांत नऊ थर निघाले होते, कुठे दहा. सरकार पाचदहा वर्षांतून एकदा रंगवणार, त्याप्रमाणे. आमच्या खोलीत निघाले चौतीस.

"एवढ्या बारक्या खोलीला चौतीस वेळा चुना?" स्वतःशीच म्हणाले. "कोणाला पडलं होतं?" मग माझ्याकडे बघितलं, छबीकडे बघितलं, आणि उलथणं रुमालात गुंडाळून गेले.

दोन दिवसांनी एका पोरीनं चौकोनाखाली चिठ्ठी आणून डकवली. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. लिहिलं होतं: साथीच्या दिवसांत इथे आजारी माणसे ठेवत असावेत. प्रत्येक माणूस गेल्यावर खोली चुन्याने शुद्ध करत असावेत.

चौतीस. मी दोनदा वाचलं. म्हणजे नळावरच्या बाया खरं बोलत होत्या, आणि आता मास्तरांच्या अक्षरात.

नशीब असं की त्याच दिवशी सासूबाई पारोळ्याकडच्या खेड्यातून आल्या, नातीला बघायला, बरोबर बाजरी आणि शेंगा. त्यांना वाचता येत नाही, पण शाळेतल्या पोरींना येतं ना. अर्ध्या तासात त्यांना सगळं कळलं. कमरेवर हात ठेवून ह्यांना म्हणाल्या, "त्या खोलीमा चौतीस मानसं मरेल शेतस. मनी नातले मी अठे ठेवाव नही. सोमवारनी मोटर धरानी. तू ऱ्हाय तुन्या घंटाजोडे."

खोली सोडली तर नोकरी सुटते, म्हणून हे इथंच राहणार, आणि मी छबीला घेऊन गावाला. किती दिवस? "पोरगी बाळसं धरेल तोवर," सासूबाई म्हणाल्या, म्हणजे कुणाला माहीत किती. हे मान खाली घालून ट्रंक काढायला गेले. मला त्या खोलीची एवढी भीती, तरी ट्रंक बघून रडूच आलं. दीड वर्षाचा संसार, ह्यांनी लावलेली फळी, तिच्यावर माझे पाच डबे.

प्रदर्शन रविवारी. शनिवारी दुपारी सासूबाई जरा पडल्या होत्या, मी छबीला पाजत भिंतीशी बसले होते, त्या चौकोनासमोरच, कारण बाकी जागेत सामान बांधलेलं. दारातून ऊन तिरकं आलं. त्या वेळेला येतं ते, थोडा वेळच. आणि त्या उन्हात मला पायऱ्यांवर रेघा दिसल्या. बारीक, गोल. अशा अर्ध्या भाकरीसारख्या. एकाच पायरीवर नाही, वरच्या पायरीवर, मधल्यावर, खालच्यावर, सगळ्यांवर गोल गोल.

आता सरकारी रंगारी कसा मारतो? कुंचा घेतो, वरून खाली, खालून वर. वर्गातल्या भिंतींवर तसंच होतं, मी बघितलं होतं. गोल हात कोण फिरवतं? चिंधीचं पोतेरं घेऊन भिंत पोतारते ती बाई. मी स्वतः श्रावणात तशीच पोतारली होती, आमची खानदेशची कानबाई देवी घरात बसायच्या आधी. आपल्याकडे कानबाईला घर पोतारल्याशिवाय कोण राहतं? झोपडं असलं तरी एक हात चुना देतातच. मी छबीला मांडीवर ठेवलं आणि हात नुसता हवेत फिरवला, त्या रेघेवरून. बरोबर बसला. वरची रेघ माझीच होती.

आणि खाली वाकून बघितलं तर चौकोनाच्या खालच्या कडेला तेलाचा डाग. वरच्या थरावर माझा, समई तिथं ठेवली होती मी, चौरंगाच्या बाजूला. त्याच्या खालच्या थरावरही डाग. त्याच्याही खाली.

मास्तरांचं चुकलं, हे सांगायचं कोणी? मी? चौथीवाली, शिपायाची बायको? पण सोमवार समोर होता. छबीला खांद्यावर टाकलं आणि गेले. मास्तर हॉलमध्ये शिडीवर, पोरींची चित्रं सुतळीला चिमट्यांनी लावत होते. मी खालूनच सुरू केलं, श्वास न घेता, मास्तर रागावू नका पण ती माणसं मेलेली नाहीत, म्हणजे मेली असतील पण चुना त्याचा नाही, तो कानबाईचा आहे, दर श्रावणात एक, रेघा गोल आहेत, तुमच्या रंगाऱ्याच्या उभ्या असतात, आणि तेल आहे खाली, वरचा हात माझा आहे, मीच दिलाय, रागावू नका.

मास्तर शिडीवर तसेच उभे. तोंडात चिमटा. मग तो काढला आणि हळू विचारलं, "गोल?"

"गोल."

शिडीवरून उतरले कसे मला माहीत नाही. खोलीत आले आणि गाल फरशीला लावून आडवेच झाले, भिंतीला डोळा लावून. सासूबाई दचकून उठल्या. "हाऊ मानूस काय करी राह्यना वं?" मास्तर पडल्या पडल्या म्हणाले, "अक्का, इकडे या. ही रेघ बघा. कोणाची?"

सासूबाईंनी नाक मुरडलं, पण वाकल्या. बोट फिरवलं. दुसऱ्या थरावर फिरवलं. मग त्यांचा चेहराच बदलला, बाजारात ओळखीचं माणूस दिसावं तसा. "हाऊ ते बाईना हात शे, मास्तर!" म्हणाल्या. "आनि अठे देख, हाई डावखुरी व्हती. आनि हाईनी नीळ जास्त टाकी दी, उठवळ व्हती हाई." थरागणिक एकेका बाईची परीक्षा सुरू केली त्यांनी. ही आळशी, कोपरा सोडला हिनं. ही पहिलटकरीण असेल, हात खाली पोचला नाही. मास्तर पडल्या पडल्या ऐकत होते आणि नुसते "बरं... बरं..." म्हणत होते.

मग उठून बसले आणि कपाळावर हात मारला. "घोड्यांच्या वेळी शिपाई होता, कापसाच्या वेळी रखवालदार होता, रेशनच्या वेळी होता. मधली रिकामी सालं सोडली, तरी प्रत्येकाची बायको असणार की नाही! आमच्या घरीसुद्धा ही दर श्रावणात पोतारते हो. मी तेव्हा सायकल घेऊन बाहेर निघून जातो, चुना उडतो म्हणून! थर मोजतो जगाचे, आणि चुना कोण लावतं ते बघितलं नाही कधी." आणि हसायला लागले, ते सरकीसारखंच, डोळ्यांत पाणी. "माय, चुकनू मी! बठ्ठं चुकनू!" चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी बघितला नाही.

चिठ्ठी फाडली. कोरा कागद माझ्यापुढे ठेवला, खिशातला पेन दिला. "तू लिही."

"मास्तर, माझं अक्षर..."

"घाई कोणले शे?"

अर्धा तास लागला मला. छबी सासूबाईंकडे होती. मी लिहिलं: ह्या खोलीत बाया राहत होत्या. दर श्रावणात कानबाई बसायच्या आधी त्यांनी ही भिंत पोतारली. चौतीस वेळा. चौतिसावी मी.

रविवारी अख्खं धुळं लोटलं म्हणायला हरकत नाही. घोडे बघितले, रेशन बघितलं, खोटारडी सरकी बघून सगळे हसले. पण रांग लागली ती आमच्या खोलीला. नळावरच्या बायासुद्धा आल्या, आणि एकेक जण भिंतीवरून हात फिरवून बघत होती. सासूबाई दारात मोढ्यावर बसून समजावून सांगत होत्या, जशी बिल्डिंग त्यांनीच बांधली. एक बाई म्हणाली, अक्का, इथं माणसं मेली म्हणतात ना? सासूबाई तिच्यावर असल्या खेकसल्या! "कोन म्हनस? चौतीस कानबाया बसन्यात अठे! तुन्या घरमा कितल्या बसन्यात?"

सोमवारची मोटर गेली. सासूबाई एकट्याही गेल्या नाहीत, आणखी पंधरा दिवस राहिल्या, छबीला शेंगांचं कूट खारकेत कालवून चाटवत. ट्रंक परत फळीखाली गेली. छबीनं अंग धरलं ते त्यानं की कशानं, मला माहीत नाही. मला मात्र झोप लागायला लागली.

ह्या श्रावणात मास्तरांची जळगावला बदली झाली. निघायच्या दिवशी ते निरोपाला आले तेव्हा मी चुना भिजवला होता, नीळ चिमूटभर, पोतेरं हातात, आणि त्यांच्या चौकोनापाशी अडून बसले होते. सगळी भिंत पोतारायची, पण तो चौकोन कसा झाकायचा? म्हटलं, "मास्तर, एवढा सोडते."

"सोडू नको," म्हणाले. "सोडलास तर पुढच्या बाईला वाटेल, एक साल कानबाईच बसली नाही. दे इकडे."

कोट काढून सायकलीवर टाकला आणि पोतेरं घेतलं. चौकोनावर चुना लावायला लागले, वरून खाली, खालून वर. सासूबाई कानबाईसाठी आल्याच होत्या, त्या ओरडल्या, "आसं नही हो मास्तर! गोल फिरावा, गोल!" मास्तरांनी गोल फिरवायचा प्रयत्न केला, सगळा चुना कोपरावर. परत उभंच मारलं. छबी भिंत धरून उभी राहायला शिकली होती, तिनं ओल्या चुन्यावर पंजा मारला आणि तो तोंडाकडे नेला. मी ओरडले. मास्तर म्हणाले, "थोडंसं लागू दे जिभेला. खडकाचा आहे." मी तिचा हात धुतला.

मग ते स्टँडकडे गेले, सायकल हातात, कोट खांद्यावर, कोपर पांढरं. फाटकाशी थांबले, परत आले, उलथणं विसरलं होतं चुलीपाशी. ते रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं, आणि परत गेले. घाई काही नव्हती. मोटर सुटायला आली होती म्हणून हेच मागून पळाले, सायकल टपावर चढवायला.

आता भिंत सुकली. चौकोन कुठे होता ते ओळखूसुद्धा येत नाही. फक्त दुपारी ऊन तिरकं आलं की दिसतं, सगळीकडे माझा गोल हात आणि मधे पाटीएवढ्या जागेत उभ्या रेघा. पुढे कधी कोणी खरवडत बसला तर म्हणेल, पस्तिसाव्या साली इथं सरकारी रंगारी आला होता, आणि काम अर्धवट टाकून गेला.

छबी उठली.